कृष्णद्रव्य आणि आईचा आंबा

माझी आई माझ्यामुळं आंबा खात नाही. माझ्या संशोधनाचा आजवर सिद्ध झालेला परिणाम म्हणाल तर एवढाच. बाकी सगळं ‘आढळले नाही’ या सदरात जातं.

आधी धंदा सांगतो. लग्नात-मयतीत भेटणारा प्रत्येक पाहुणा तो विचारतोच, आणि मी सांगायला लागलो की त्याला दुसऱ्या कोणाला तरी भेटायचं राहिल्याचं आठवतं. मी डार्क मॅटर शोधतो. पुस्तकात त्याला कृष्णद्रव्य असं भारदस्त नाव आहे. विश्वात जेवढा माल दिसतो त्याच्या कितीतरी पट माल दिसतच नाही. दीर्घिका ज्या वेगानं गरगर फिरतात ते बघता त्यातले तारे कधीच चहूकडं उडून जायला पाहिजे होते. उडत नाहीत. कोणीतरी धरून ठेवलंय, आणि धरणारा काही दिसत नाही. तो उजेड देत नाही, उजेड अडवतही नाही. काही शहाण्या लोकांचा अंदाज असा, की त्याचे कण एकमेकांना भिडले तर दोघंही नाहीसे होत असतील आणि जाता जाता गॅमा किरणं सोडत असतील. गॅमा किरणं म्हणजे एक प्रकारचा प्रकाशच, डोळ्याला न दिसणारा आणि भलत्या ताकदीचा. तो टिपणारी दुर्बीण उपग्रहावर बसवलेली आहे. ती पृथ्वीभोवती फिरते आणि तिनं टिपलेलं सगळं इंटरनेटवर जगाला फुकट मिळतं. म्हणून तर मी घनसावंगीच्या अलीकडच्या आमच्या गावात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून हे उद्योग करू शकतो. लाइट असली तर. सकाळी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स, दुपारनंतर विश्व.

काम तसं पाखडायचंच आहे. आपल्या आकाशगंगेच्या आजूबाजूला काही बुटक्या दीर्घिका आहेत. त्यांच्यात तारे थोडे, डार्क मॅटर भरपूर, आणि बाकी गडबड काही नाही. तिथून गॅमा किरणं आली तर ती आपल्याला पाहिजे त्याचीच असण्याचा संभव जास्त. मंग त्या दिशेनं आलेला सगळा माल सुपात घ्यायचा, शेजारच्या रिकाम्या आकाशातून जेवढा येतो तेवढा कोंडा म्हणून उडवायचा, आणि सुपात काय राहिलं ते बघायचं. माझ्या सुपात आजवर नुसतं सूप राहिलं. तसं झालं की आम्ही निबंध लिहितो, की बाबांनो, इथं काही असलंच तर ते अमुक इतक्यापेक्षा जास्त नाही. माझ्या नावावर असे बरेच निबंध आहेत. आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी हे एकदा नीट समजावून सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे न्हाई सापडलं, हे इंग्रजीत सांगायचा पगार देतात?"

देतात नाही, द्यायचे. ती फेलोशिप संपली म्हणून तर मी गच्चीवर आलो.

आता आंब्याकडं येतो. पुण्याला पीएचडीला नंबर लागला तेव्हा मी घरी असा आल्तो, जसा आमदारकीला निवडून आल्तो. ओट्यावर लोक जमले होते. आई चहा देता देता म्हणाली, "जे शोधायला चालला ते किती दिवसाचं काम हाय?"

मी खुर्चीत पाय हलवत म्हणालो, "दोन-तीन वर्षांत लागंल हाताला. सगळं जग मागं लागलंय त्याच्या."

सगळं जग मागं लागलंय हे आईनं बराबर ध्यानात ठेवलं. जग मागं लागलेलं असताना आपलं लेकरू एकटं कसं पुरं पडणार? आईचं माहेर पिंपळगाव रेणुकाई. तिच्या आयुष्यातलं कुठलंही काम रेणुकाईच्या कानावर घातल्याशिवाय पुढं सरकत नाही. पुढच्याच शुक्रवारी ती माहेरी गेली आणि देवीपुढं पदर पसरून बोलून आली, की माझं लेकरू जे शोधून राह्यलंय ते त्याला सापडू दे, तवर मी आंबा खाणार न्हाई.

नवसाला आवडीचीच वस्तू सोडावी लागते. कारलं सोडून कुठली देवी पावत नसते. आणि आंबा ही आईची नुसती आवड नव्हती, तो तिचा धर्म होता. पिंपळगावला तिच्या वडलांच्या शेताच्या धुऱ्यावर चोखायच्या आंब्याचं झाड होतं. लहानपणी ती आणि तिच्या बहिणी झाडाखाली पाट्या घेऊन बसायच्या आणि कोय पांढरी फटक होईस्तोवर सोडायच्या नाहीत. लग्नानंतरही उन्हाळ्यात ती जेवायची ती आंबा, आणि तोंडी लावायला भाकर. ते सगळं तिनं माझ्या एका वाक्यावर सोडलं. तिनं मनात हिशेबही केल्ता. दोन-तीन उन्हाळे, एवढंच ना? सौदा स्वस्त होता. पण सौद्याला जामीन माझं तोंड होतं.

मला हे कळलं त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. आईनं रस काढला, आण्णांची वाटी भरली, माझी भरली, आणि स्वतः भाकरीवर चटणी घेतली. मी विचारलं तेव्हा तिनं शांतपणे सगळं सांगितलं. मी वाटी खाली ठेवली.

"आई, अगं हे असं नसतं! कदाचित पन्नास वर्षं लागतील. कदाचित ते तसं नसंलच."

"मंग शोधायला कशाला चालला?" आई म्हणाली.

या प्रश्नाचं उत्तर मी अजून तयार करून राह्यलो.

बोललेला नवस माघारी घेता येत नाही. तो फेडावा लागतो. शिवाय आई नियमाची इतकी पक्की, की देवीलाच कधी कधी अवघडल्यासारखं होत असेल. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, तर हुंगलेला आंबा नवसाला कसा चालंल, असं तिचं म्हणणं. म्हणून ती आमच्यासाठी रस काढायला बसली की आधी नाकावर पदर घट्ट बांधते. पातेल्यात मनगटापर्यंत हात घातलेले, दोन्ही तळवे पिवळे, आणि डोळ्याखाली पदर. नवीन माणसानं बघितलं तर त्याला वाटेल, घरात कोणाचं ऑपरेशन चाललंय. हात ती तशीच उठून नळाखाली धुते. बोट चाटणं तर सोडाच.

आण्णा आणि मी समोर बसून वाटी संपवायचो. संपवली नाही तर तिला वाईट वाटायचं, संपवली तर मला. वर्षं जात राहिली. माझ्या निबंधात सापडायची शक्यता कमी-कमी होत गेली आणि आंबे दरसाल येत राहिले.

घनसावंगीच्या स्टँडवर एका चाचांचा फळाचा गाडा आहे. त्यांचं आमच्या घरी पिढीजात जाणं-येणं. कॉलेज सुटून मी जीपची वाट बघत उभा राहिलो, की ते गाड्यामागून हाक मारायचे.

"क्या प्रोफेसर, मिला क्या?"

"अभी नहीं चाचा."

"जल्दी ढूंढो रे बाबा. भाभी के हिस्से के आम मेरे कू खाने पड़ रै."

संशोधनाचा आढावा घेणाऱ्या समित्या मी बघितल्यात. इतक्या थोड्या शब्दांत कोणी कधी माझा पाणउतारा केलेला नाही.

आण्णांचा स्वभाव रोखठोक. ते एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सांगून टाक ना सापडलं म्हणून. तिला काय दुर्बिणीतून बघायचंय?"

"आण्णा, असं सांगता येत न्हाई."

"का? कोण येणार हाय तपासायला?"

खरंच कोणी येणार नव्हतं. पण इतकी वर्षं घालवून मी कमावलेली चीज एकच होती. न सापडलेल्याला मी कधी सापडलं म्हटलं नव्हतं. तेवढी घालवली असती तर माझ्याकडं दाखवायला काय उरलं असतं? पत्र्याची खोली. आण्णा वैतागून म्हणाले, "मोठा आला हरिश्चंद्र!" आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेले.

असंच चाललं असतं. पण मागच्या साली थंडीत आईच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. जालन्याला डॉक्टरकडं नेलं. साखर निघाली.

"आंबे खाता का मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

आई खुर्चीत ताठ झाली. "बिलकुल न्हाई. कैक सालं झाली, शिवला न्हाई."

डॉक्टर इतके खूश झाले, की त्यांनी दारातल्या पुढच्या पेशंटला आत बोलावून आई दाखवली. "बघा, याला पथ्य म्हणतात!" मी भिंतीवरचं आतड्याचं चित्र बघत बसलो. मंग गोळ्या लिहिता लिहिता ते म्हणाले, की या उन्हाळ्यात एखादा बारका आंबा चालवून घेऊ, पण साखरेची चाल काही बरी दिसत नाही, पुढच्या वर्षीपासून बंदच समजा.

परतीच्या बसमध्ये आई बराच वेळ खिडकीबाहेर मोसंबीच्या बागा बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं मला कधी घाई केली नव्हती, कधी एका शब्दानं टोचलं नव्हतं. अंबड मागं पडल्यावर मात्र ती हळूच म्हणाली, "बघ बाबा. जमलं तर जल्दी कर जरा."

मी म्हणालो, "करतो आई." जसं काही दळण आणायचं राहिलं होतं.

आणि मंग मी ते केलं, जे फक्त माझ्यासारखा, ज्याच्या आईचा आंबा विश्वात अडकलाय असाच माणूस करील. इथं थोडं शास्त्र सांगावं लागतं, सांभाळून घ्या. अवकाशातून येणारे कण आपल्या पृथ्वीच्या हवेवर सारखे आदळत असतात. त्यामुळं वरून बघितलं तर पृथ्वीची कड गॅमा किरणांत चांगली उजळलेली दिसते. म्हणून नेम असा आहे, की आपण बघतोय ती दीर्घिका पृथ्वीच्या कडेजवळ असताना दुर्बिणीत जो माल येतो तो सरळ फेकून द्यायचा. कडेपासून किती अंश लांब राहायचं तेही ठरलेलं आहे. ठरवणारे माझ्यापेक्षा शहाणे लोक होते, आणि त्यांच्या आया आंबे खात होत्या. मी तो कोन ढिला केला. माल वाढंल, म्हणालो मनाशी, एकदा नुसतं बघू तर खरं, मंग घट्ट करू. उन्हाळा तोंडावर आल्ता.

मंग घट्ट करायचं राहिलं, कारण आलेखावर उंचवटा होता.

इतकी वर्षं ज्या रेघेत मी सपाट माळ बघितला होता, तिथं टेकडी उभी. पंखा बंद होता, पत्रा तापला होता, आणि माझ्या अंगावर काटा आल्ता. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं अशा वेळी पाणी प्यावं आणि पहिल्यापासून सगळं तपासावं. मी जिना उतरून गोठ्यात पळत गेलो.

"आण्णा, कायतरी दिसून राह्यलंय! पण कोणाला सांगू नका, अजून तपासायचंय."

आमच्या गावात कुठल्याही बातमीचं दुसरं वाक्य कोणालाच ऐकू येत नाही. दिवे लागायच्या आत चौकाला माहीत झालं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोरांनी टाळ्या वाजवल्या. अंतरवाली सराटीला एका कामानं गेल्तो, तर तिथल्या टपरीवर एका अनोळखी माणसानं माझ्या चहाचे पैसे दिले आणि विचारलं, की आता ते सापडल्यावर कापसाला भाव येईल का. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. इथं नवऱ्यासकट अख्खी वरात बाशिंग बांधून निघाली होती.

आईनं मात्र गाजावाजा केला नाही. तिनं खण, नारळ, तांदूळ पिशवीत घातले आणि सांगितलं, "उद्या शुक्रवार हाय. पिंपळगावला जायचं."

"आई, मी पुण्याला मॅडमला पाठवलंय. त्यांनी बघितल्याबिगर पक्कं म्हणता येत न्हाई." मॅडम म्हणजे माझ्या गाइड. त्यांच्याच हाताखाली मी शिकलो.

"मॅडम बघत बसतील. पाडाचा आंबा थांबत नसतो. आन् डॉक्टर बी थांबायचा न्हाई."

आंबा चाचांनी दिला. गाड्यावरचा नव्हे, घरी राखून ठेवलेला. चोखायचा, लहानसा, साखरेच्या मानानं बसेल असा. मी खिशात हात घातला तर ओरडलेच, "नक्को! नवस का है ये. पैसा लिया तो अल्ला मेरे कू पूछेगा, और देवी तेरे कू."

घनसावंगी आमच्या जिल्ह्याच्या एका टोकाला आणि पिंपळगाव पार दुसऱ्या टोकाला. सकाळी तिघं जीपनं निघालो, जालन्याला बस धरली. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. मांडीवर पिशवी, पिशवीत वर आंबा, आणि नाकावर पदर, कारण नवस अजून फिटला नव्हता. ती कंडक्टरशीसुद्धा हसून बोलली. तिला इतकं खूश मी माझ्या कुठल्याच पदवीला बघितलं नव्हतं.

जालना सोडल्यावर स्वतःची समजूत घालावी म्हणून मी मनातल्या मनात सगळ्या तपासण्या परत म्हणायला लागलो. शेजारचं आकाश नीट निवडलं? निवडलं. तिथं दुसरं काही चमकत नव्हतं ना? नव्हतं. पृथ्वीच्या कडेचा कोन?

तो ढिलाच राहिला होता. बाहेर लोक बाजाराला चालले होते, आण्णा माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते. मी मॅडमना मेसेज टाकला, की कडेचा कोन नेमाप्रमाणं घट्ट करून सगळा हिशेब एकदा परत चालवता का, जरा जल्दी. त्यांनी विचारलं, "किती ठेवला होतास?" मी खरा आकडा लिहिला. बराच वेळ काही आलं नाही. शिकवणाऱ्या माणसाची शांतता फार वाईट असते. मंग आलं, "चालवते."

भोकरदन आलं. दुसरी जीप. पिंपळगाव. उत्तर काही येईना.

देवळात मी एकाएकी भयंकर भाविक झालो. म्हणालो, हातपाय धुऊ. धुतले. म्हणालो, प्रदक्षिणा घालू. घातल्या. म्हणालो, अजून घालू. आण्णा म्हणाले, "तुला कवापासून एवढी भक्ती? ऊन होऊन राह्यलं, उरक." आईनं ओटी भरली. हळद-कुंकू वाहिलं. पदर पसरून मनातलं काय ते बोलली, आणि बाहेर येऊन पायरीवर सावलीत बसली. तिनं नाकावरचा पदर सोडला. दोन्ही तळव्यांत आंबा धरून हळूहळू मऊ केला, देठ तोडला, पहिले दोन थेंब चीक म्हणून बाजूला उडवले. हात इतक्या वर्षांनीही काही विसरले नव्हते.

फोन थरथरला. मॅडमनी लिहिलं होतं, "कोन घट्ट केल्यावर काही उरत नाही. पृथ्वीचीच कड आहे. वाईट वाटतंय रे."

आण्णांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. आईच्या मागं उभं राहून त्यांनी डोळे मोठे केले आणि मान हलवली. गप बस. आईनं आंबा तोंडाजवळ नेला होता. मला काय करायचं होतं? एक लहानसा आंबा चोखून होईपर्यंत गप्प राहायचं होतं. याहून अवघड गोष्टी लोक रोज करतात. पुढच्या सालापासून तसाही बंदच होता. तिला कधीच कळलं नसतं.

"आई, थांब. दिसलं ते ते न्हाई."

तिचा हात तसाच थांबला. रसाची एक धार मनगटावर उतरली. तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर आंबा लांब धरला आणि दुसऱ्या हातानं पदर ओढून नाकाला लावला.

ते बघून मला जमीन दुभंगावी असं वाटलं. तरी मी चुकीचं बोललो असं वाटलं नाही. तिनं देवीला ‘सापडू दे’ म्हटलं होतं. ‘सापडलं असं म्हणू दे’ असं नव्हतं म्हटलं.

पदराआडून तिनं विचारलं, "मंग उजेड कशाचा होता त्यो?"

"पृथ्वीचा. आपल्या हवेचा. मी कड बराबर कापली न्हाई."

"म्हंजे आपलाच?"

"आपलाच."

आईनं गाभाऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "आगं माय माय! काखेत कळसा आन् गावाला वळसा! एवढी दुर्बीण वर सोडली, आन् दिसलं काय, तर आपलंच घर!" ती इतकी हसली, की शेजारी नैवेद्याचं ताट घेऊन बसलेल्या बायाही कशाला हसतोय ते न कळता हसायला लागल्या.

मी मात्र रडलो. भर देवळात, भर उन्हात, पीएचडी झालेला माणूस, केस पांढरे व्हायला लागलेला. काही केल्या थांबेना. आईनं तो आंबा माझ्या हातात दिला.

"गप. खा ह्यो."

"मी?"

"मंग कोण? देठ तोडलेला आंबा वाया घालू का? नवस मी बोलले, तू न्हाई."

मी पायरीवर बसून आंबा खाल्ला. गोड होता मेला. इतका गोड आंबा मी जन्मात खाल्ला नव्हता, आणि प्रत्येक घोटाला स्वतःच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटत होती. कोय पांढरी होईस्तोवर सोडली नाही. आई समोर बसून बघत होती. आण्णा तोंड फिरवून उभे होते.

परतीच्या बसमध्ये आण्णांचा बांध फुटला. "जरा वेळ दम धरला असता तर काय बिघडलं असतं? एक आंबा पोटात गेला असता बाईच्या!"

"आवं, बिघडलं असतं," आई म्हणाली. "इतकी सालं हा न्हाई म्हणायचा, तर मला वाटायचं याला जमंना. आज कळलं, याचं न्हाई म्हंजे न्हाईच असतंय. आता ज्या दिवशी हा हो म्हणंल, त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाला विचारायची न्हाई."

आण्णांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझे निबंध ज्यांनी तपासले त्यांच्यापैकी कोणीही मला असं काही लिहिलेलं नाही.

गावात पुढं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, तुम्हाला गावं माहीत आहेत. कॉलेजात पोरांनी परत टाळ्या वाजवल्या, या खेपेला जास्त जोरात. चाचांना मी स्टँडवर खरं ते सांगितलं, की चाचा, वो तो अपनी जमीन की रोशनी थी. त्यांनी पपईवर पाणी मारता मारता जरा विचार केला आणि म्हणाले, "चलो, जमीन तो मिली."

यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत साखर वाढलीच. डॉक्टरांनी आंब्यावर कायमची फुली मारली. आता उद्या सकाळी जगातल्या कुठल्याही दुर्बिणीला डार्क मॅटर सापडलं, तरी माझ्या आईला आंबा मिळणार नाही. हे कळल्यावर मी किती दिवस संगणक उघडलाच नाही. कोणासाठी उघडायचा?

परवा ती चुलीपुढं रस काढत बसली होती. मनगटापर्यंत पिवळे हात, आणि नाकावर तसाच घट्ट बांधलेला पदर. मला राहवलं नाही.

"आई, आता कशाला बांधती ते? सापडलं तरी तुला खाता यायचं न्हाई. संपला ना नवस."

"संपंल कसा? सापडलं का?"

"न्हाई."

"मंग?" ती कोय पिळत म्हणाली. "डॉक्टरनं खायला न्हाई म्हटलंय. वास घ्यायला न्हाई म्हटलेलं न्हाई. तू शोध. सापडलं की मी पदर सोडीन."

तिनं माझी वाटी भरून पुढं सरकवली. मी ती घेऊन गच्चीवर गेलो, कडेचा कोन नेमावर ठेवला, आणि पुढची दीर्घिका लावली.